काळा ठिपका

बाईंची नोकरी कायम होणं आजच्या तपासणीवर होतं. आठवडाभर घोटून घेतलेला शाईचे रंग वेगळे करायचा प्रयोग सुरू झाला. गाळणकागदावर काळा ठिपका, खाली वाटीत पाणी. पाणी सरसर वर चढलं, ठिपका मात्र जागचा हलेना. घाईघाईत बाईंच्या हाती पाण्यात न विरघळणाऱ्या शाईचं पेन आलं होतं!

"काय दिसतंय रे, मुलांनो?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"निळा, गुलाबी, पिवळा!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

पहिल्या बाकावरची मुलगी कागदाला नाक लावून बघत म्हणाली, "पण सर, हा तर काळाच आहे की."

साहेबांनी कागदाकडे नाही, बाईंकडे पाहिलं.

बाई कशाबशा हसल्या. "तिचं मनावर घेऊ नका, सर. विज्ञानात जरा कच्चीच आहे ती."