बिनखुणेची काच

"माझी काच कुठे आहे?" ताईने कॅमेरा काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

दुरुस्तीवाल्याने आधी कॅमेरा सावरला, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी हा जुना रोलचा कॅमेरा साफ करायला तोच घेऊन आला होता, आणि जाता जाता, आत जिच्यावर चित्र बघून फोकस जुळवतात ती काचही बदलून घेऊन गेला होता.

"जुनी खरवडली होती, टाकून दिली," भाऊ म्हणाला. "अगं, तुझ्या सोयीसाठीच केलं. या काचेत मधे गोल आहे. त्यात माणूस दुभंगलेला दिसतो. दोन तुकडे जुळले की झाला फोकस. लहान मूलही करेल."

"तीस वर्षं फोटो काढतेय मी! एका शब्दाने विचारायला तुझी जीभ झडली होती?"

वाद आणखी पेटायच्या आत दुरुस्तीवाल्याने एक चपटा डबा उघडला. आत काडेपेटीपेक्षा लहान काचा होत्या. तो चिमट्याने एकेक बसवून देई, ती रस्त्यापलीकडच्या पाटीवर कॅमेरा धरी आणि मान हलवून परत करी. मधे ठिपके असलेली नको. दुसऱ्या तऱ्हेच्या गोलाची नको.

शेवटची साधी, दुधी होती. तिच्यावर कुठेच खूण नव्हती, सगळीकडून सारखी.

"हीच."

"मुद्दाम करतेस," भाऊ वैतागला. "मी निवडली म्हणून गोलाची नको! जरा मधे बघ ना नीट!"

"मधलं मला दिसत नाही!"

तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"दोन्ही डोळ्यांनी. जिथे बघावं तिथे राखाडी डाग. कडेचं तेवढं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. झालं समाधान?"

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "परवा माझ्या पोरींना शाळेतून गाडीने कोणी आणलं?"

इतका वेळ तावातावाने भांडणारी ताई मटकन स्टुलावर बसली.

"हळू चालवली होती," ती म्हणाली.

"हळू?" त्याने काउंटरवर मूठ आपटली. चिमटा उडून खाली पडला. "किल्ली दे. आत्ताच्या आत्ता दे!"

तिने पर्स चाचपून किल्ली काढली. त्याने ती हिसकावली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर पडेना, आतही येईना.

दुरुस्तीवाल्याने न विचारता साधी काच पक्की केली आणि कॅमेरा तिच्या हातात ठेवला. तिने तो डोळ्याला लावून दाराशेजारच्या कपाटावर रोखला. काचेच्या कडेला भावाचं तोंड आलं. लालबुंद, गाल ओले. तिने हळूहळू रिंग फिरवली.

"मी इकडे आहे," तो खेकसला.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "हलू नकोस."