वरातीतला फोन

एम.एस्सी. होऊन चार वर्षं झाली तरी प्रशिकला नोकरी नव्हती. मुलाखतीनंतरचं 'कळवतो' ऐकून तो विटला होता. लग्नसराईत तो वडिलांच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा.

त्या संध्याकाळी वरात रंगात आली असताना त्याला फोन आला. गोंगाटात काही ऐकू येईना. त्याची धडपड बघून वडिलांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि अख्खा बँड भर रस्त्यात थांबला.

"का थांबलात?" घोड्यावरून नवरदेव खेकसला.

"बाबा, मला घेतलं," फोन ठेवत प्रशिक म्हणाला. "सोमवारपासून लॅबमध्ये बोलावलंय."

वडिलांनी त्याची पाठ थोपटली. ते ऐकून नवरदेव खाली उतरला. "मीही नोकरीसाठी असाच फिरलोय, मित्रा," म्हणत त्याने ताशा स्वतःच्या गळ्यात अडकवला. "तू नाच. मी वाजवतो."

त्याला वाजवता अजिबात येत नव्हतं. तरी प्रशिक मांडवापर्यंत नाचत गेला.