नऊ इंचांची भिंत

इंजिनिअर मुळीकसाहेबांनी भिंतीला तिसऱ्यांदा टेप लावली, तशा द्रौपदाबाई पुढे सरसावल्या.

"दहा इंच! मंजूर नकाशात नऊ आहे, बाई. मागच्या खेपेला साडेनऊ होती."

"जिवंत भिंत आहे, वाढणारच. सिमेंट सोडा, बुरशीची घरं रुजवा, असं तुमच्याच सरकारनं सांगितलं ना?"

"सांगितलं. पण वाढ थांबल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय नळ नाही."

"अहो, आजवर विहिरीचे हंडे ओतून जगवलं. आता विहीरही आटली. चार दिवसांत मरेल हो माझं घर! कोपरे बघा, वाळून भुसा गळतोय."

"बघतो." साहेबांनी सवयीनं जिभेला बोट लावून फाइलचं पान उलटलं आणि तेच ओलं बोट भिंतीवर टेकवलं.

तहानलेल्या भिंतीनं ते धरलं ते धरलंच. ओढताओढता मनगटही आत गेलं.

"बाई, पाणी! पाणी मिळालं की सोडेल ना ही?"

"लगेच सोडेल," द्रौपदाबाईंनी त्यांच्या मोकळ्या हातात पेन दिलं आणि फाइल पुढे धरली. "पण नळाला दाखला लागतो, साहेब."