नाणं सरळ बसलं का

बर्फाच्या रिंकवर स्केटच्या पात्यांना धार लावणाऱ्या एफीच्या खिडकीशी आलेला मुलगा लाल जर्सीतला होता, म्हणजे समोरच्या संघातला. एका पायात स्केट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि काढलेला स्केट छातीशी धरलेला.

"काकू, एवढी धार लावून द्याल? गोलच्या खांबावर आपटलं पातं. आमचं मशीन सकाळीच बंद पडलंय."

एफीने घड्याळाकडे पाहिलं. विद्यापीठांच्या राष्ट्रीय आइस हॉकीचा अंतिम सामना दोन-दोन बरोबरीत अडकला होता. आता जादा वेळेत पहिला गोल करेल त्याचा चषक. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी रिंकवर फिरत होती, तिच्या चार-पाच फेऱ्या राहिल्या असतील. या गावात तो चषक कधीच आला नव्हता. आणि निळ्या जर्सीतल्या नऊ नंबरचा, एफीच्या लॅकलनचा, हा शेवटचा सामना होता. सप्टेंबरपासून तो शाळेत गणित शिकवणार होता.

दारावरचा हेक्टर कपात ओटचं बिस्किट बुडवत उभा होता. "बाई जेवायला गेल्यात, सांग त्याला," तो ऐकू जाईल इतपत पुटपुटला.

"दे रे इकडे," एफी मुलाला म्हणाली.

दगड फिरू लागला, ठिणग्या उडाल्या. मुलाची नजर भिंतीवरच्या दोन फोटोंवर गेली. एकात हेल्मेट नाकापर्यंत घसरलेला चार वर्षांचा पोरगा, दुसऱ्यात तोच, निळ्या जर्सीत.

"नऊ नंबर... तुमचा?"

"माझाच."

मुलगा फक्त तिच्या हातांकडे बघत राहिला.

पात्याला दोन कडा असतात, मधे बारीक पन्हळ. दोन्ही कडा एका पातळीत लागतात. केसभर फरक पडला, तरी वळताना पाय सटकतो. एफीने स्केट उलटा धरला आणि पात्यावर तिचं नेहमीचं झिजलेलं नाणं आडवं ठेवलं. नाणं किंचित डावीकडे कललं.

हेक्टरने ते पाहिलं. "झालं की! दे आता. त्याला काय लग्नाला जायचंय?"

गाडी रिंकबाहेर पडत होती. एफीने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. घाईत होतं असं, कुणी एका शब्दाने बोललं नसतं. तिचं बोट त्या कललेल्या नाण्यावर जरा वेळ तसंच राहिलं. मग तिने नाणं उचललं आणि स्केट पुन्हा मशीनला लावला.

"अगं एफी," हेक्टर कळवळला, "तुझं पोर आहे तिकडे!"

"आणि हे काय झाडाला लागलंय?"

दुसऱ्या खेपेला नाणं डब्याच्या झाकणासारखं सपाट बसलं. मुलाने, धार बघायला सगळेच खेळाडू करतात तसं, अंगठ्याचं नख धारेवरून आडवं ओढलं. नखाचा पांढरा भुगा निघाला. त्याने मान हलवली आणि खाली बसून नाडी आवळू लागला.

"नाव काय रे तुझं?"

"मायरॉन, काकू."

"पळ, मायरॉन. भोंगा झाला."

चौथ्याच मिनिटाला मायरॉन पक, ती काळी रबरी चकती, घेऊन तिच्या खिडकीसमोरून गेला. लॅकलन त्याच्या आडवा आला. मायरॉन त्याच, नव्या धारेच्या पायावर गर्रकन वळला. लॅकलन मागे राहिला, आणि पक जाळ्यात गेला.

रिंकमध्ये इतकं चिडीचूप झालं, की चहाच्या बंबाची घरघर ऐकू आली. हेक्टर एफीकडे न बघता कप विसळायला निघून गेला.

हात मिळवायची रांग तिने पाहिली. निळे आणि लाल एकमेकांसमोरून सरकत होते. चषक कुणी उचलला ते तिने पाहिलं नाही. लॅकलन लंगडतोय का एवढंच ती बघत होती. नव्हता लंगडत. एकोणीस वर्षं ती याच खिडकीतून तेवढंच बघत आली होती. पोरगा दोन्ही गुडघे आणि सगळे दात शाबूत घेऊन बर्फावरून खाली उतरला. तिने मनातल्या मनात हात जोडले.

अर्ध्या तासाने तो आला. डोळे सुजलेले, केस ओले. स्केटची जोडी त्याने खिडकीच्या फळीवर ठेवली.

"रांगेत तो मायरॉन माझा हात सोडेना. म्हणाला, तुझ्या आईला सांग, धार फार छान होती."

एफी मशीनवरचा भुगा पुसू लागली.

"तू लावून दिलीस?"

"हो."

लॅकलनने डब्यातून एक बिस्किट उचललं, खाल्लं नाही. "नाणं सरळ बसलं होतं?"

"दुसऱ्या खेपेला," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "म्हणजे पहिल्या खेपेला मी जिंकत होतो."

"जिंकत होतास, बाळा."

"बरं झालं नाही जिंकलो तसा." त्याने बिस्किट तोंडात टाकलं आणि स्केट तिच्याकडे सरकवले. "यांनाही लावून दे. तळ्यावरचा बर्फ अजून आठवडाभर तरी वितळत नाही. आणि तू पण चल उद्या. किती वर्षांत आली नाहीस."

दगड पुन्हा फिरू लागला. एफीला ठिणग्या नीट दिसत नव्हत्या, पण हातांना सवय होती. नाणं ठेवून तिने दोनदा पाहिलं आणि जोडी त्याच्या हातात दिली.

लॅकलनने नाड्यांची गाठ मारून स्केट खांद्यावर टाकले. आईने लावलेल्या धारेवर नख ओढून बघणं त्याला कधी माहीतच नव्हतं.