एक तरी धड फोटो

"अहो, खाली बसा ना!" मागून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली.

"दोन मिनिटं, ताई. लेक आहे माझी वर," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता चष्मेवाला म्हणाला.

"माझ्याही आहेत की वर!"

"मग तुम्हीही काढा फोटो."

काय चोख उत्तर दिलं म्हणून स्वारी खूश झाली, पण क्षणभरच. अर्धा दिवस चष्म्याचं दुकान बंद ठेवलं, मेहुण्याच्या विनवण्या करून कॅमेरा आणला, खुर्च्यांमधल्या वाटेनं थेट रंगमंचापाशी घुसला, ते कशासाठी? घरी अंथरुणाला खिळलेल्या आईला नातीचा नाच दाखवायचा म्हणून. "एक तरी धड फोटो आण रे बाबा," एवढंच ती म्हणाली होती. आणि इथे सगळ्या मुली गिरक्या घेतायत अन् मधोमध ठकी खांबासारखी उभी!

घरी उठता-बसता नाचायची कार्टी. आता हात अर्धवट वर, तोंड उघडं. मध्येच ती डावीकडे वाकली. फोटोतून सुटायला नको म्हणून चष्मेवालाही डावीकडे सरकला. तिनं उजवीकडे मान ताणली, तोही उजवीकडे. तिनं टाचा उंचावल्या, तर हा रंगमंचाच्या पायरीवर चढला. निदान आपण तरी पोरीला साथ द्यावी, असं त्याला वाटलं.

"ती मधली कोणाची हो?" पहिल्या रांगेतून कुणीतरी हसत विचारलं.

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "माझी" म्हणायला जीभच रेटेना. पोटच्या पोरीची लाज वाटली त्याला, आणि अशी लाज वाटावी याचीही लाज वाटली.

पडदा पडल्यावर त्यानं ठकीला हाताला धरून आत नेलं. नाचाच्या बाई मुलींच्या केसांतल्या पिना काढत होत्या.

"माग माफी बाईंची," तो म्हणाला. "एवढं शिकवलं त्यांनी, आणि चारचौघांत नाक कापलंस."



"अहो, तिला कशाला बोलता?" बाई म्हणाल्या. "या वयात नाच पाठ होतो थोडाच? मी खाली उभी राहून करून दाखवते, ह्या बघून करतात. आज एक महाशय कॅमेरा घेऊन माझ्या पुढ्यातच उभे! बसा म्हटलं तर मलाच ऐकवलं. कडेच्या मुलींना मी दिसत होते, मधल्या हिला काही केल्या दिसेना. मी सरकले की तेही सरकायचे! अंधारात नुसती पाठ दिसली, नाहीतर सोडलं नसतं."

 खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी चष्मेवाल्यानं हळूच पाठीमागे सारली.

"तुला तर समोरून दिसले असतील, ठके. कोणाचे बाबा होते गं ते?"

ठकीनं बापाचं बोट घट्ट धरलं.

"नाही ओळखू आले, बाई. तोंडावर कॅमेरा होता."