लाभ, दोन, तीन

जगज्जेतेपदाच्या लढतीत मोहाडीचा हेवीवेट बॉक्सर टेकचंद खाली पडला आणि नऊच्या आकड्याला उठला. तरी पंचानं दहा म्हणून टाकलं. ती हार त्यानं कधी मानली नाही.

रोज सकाळी तो अंगणात टांगलेल्या कोंड्याच्या पोत्याला ठोसे मारी. दम खायला टेकला, की पोत्यातून मोजणी सुरू होई. धान मोजताना एकाला लाभ म्हणतात, अगदी तशी. "लाभ, दोन, तीन…"

"पोत्यात कोन बोलून राह्यला जी?" बायको निर्मलाबाईनं घाबरून विचारलं.

"बोलू दे. मी उठतो ना!"

आज ठोशासरशी दोर तुटला, पोतं धप्पकन पडलं.

"आता मी मोजतो. लाभ! दोन! तीन!"

नऊ म्हणताच पोतं सावकाश उभं राहिलं.

टेकचंदनं मुठी वळल्या.

"मी दहा म्हनत नाही. ये!"