चौकटीतले बूट

फिशआय लेन्स इतकं रुंद बघते, की नवख्या माणसाचे स्वतःचेच पाय फोटोत येतात. दुकानदाराने हे हसत सांगितलं, तेव्हा छंद म्हणून कॅमेरा घेतलेले निवृत्त मास्तर ओशाळले. दुकानातच काढून पाहिलेल्या फोटोच्या खालच्या कडेला तपकिरी बुटांची टोकं स्वच्छ दिसत होती.

"काका, पाय मागे घ्या."

मास्तरांनी पाय मागे घेतले. बूट होतेच. मग चपला काढून ते चक्क स्टुलावर मांडी घालून बसले. तरी बूट होतेच.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण तर चपला घालून आलोय!

दुकानदाराने काउंटरमागून आपला पाय वर करून दाखवला. त्याच्याही चपलाच.

मास्तरांनी ती लेन्स परत केली आणि फक्त चेहरा टिपणारी, साधी पोर्ट्रेट लेन्स घेतली.

घरी येताच त्यांनी खिडकीपाशी बायकोचा फोटो काढला. चौकटीत तिचा चेहरा, बाकी काही म्हणजे काही नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. वर आज ती कधी नव्हे इतकी खुलून हसली होती.

"माझ्या फोटोत बरी हसलीस गं!"

"तुमच्यामुळे नाही हो. तुमच्या मागे उभे राहून ते नकला करत होते ना, त्यांच्यामुळे. पण माणूस सज्जन हं. आत येताना बूट आठवणीने दाराबाहेर काढले."